झेंडूच्या ढिगामागचा आडोसा

प्रतिभाचं देवाचं गणित कधी चुकत नसे. कोणत्या वाराला कोणता उपास, कोणत्या तिथीला कोणता नैवेद्य, हे ती कॅलेंडर न बघता सांगायची. पहाटे देवापाशी दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही हा नेम तिने माहेराहून आणला होता, आणि नवरात्रात पायात चप्पल घालायची नाही हा सासरी येऊन धरला होता. यंदा पाळी नेमकी घटाच्या दिवसांत येणार होती. घरात घट मांडलेला, रोजची माळ चढवायची, आणि आपण पडवीत वेगळं बसलो तर देवीचं कोण बघणार? म्हणून तिने गावातल्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत येईल, असं मेडिकलवाल्याने सांगितलं होतं. नवमीला सकाळी घट हलवायचा, त्या बेताने तिने सातव्या माळेला गोळी थांबवली. देवीची कृपा अशी, की बेत अगदी तंतोतंत जमला. तिने देवीचे दिवस मोजले होते, बाजाराचे मात्र मोजलेच नव्हते.

बाजार म्हणजे दसऱ्याचा झेंडू. नवमीला त्यांचं सगळं घर मातोरीच्या मळ्यातून फुलं भरून नाशकात यायचं आणि पेठ रोडच्या कडेच्या एका मोकळ्या मैदानात उतरायचं. तिथे ढीग लावायचा, ढिगाशेजारीच भाकरी खायची, गोण्यांवर पाठ टेकायची, आणि दसऱ्याच्या दुपारी फुलं संपली की घरी परतायचं. नवरा समाधान आणि सासू साळूबाई जागा धरायला आदल्या रात्रीच येऊन बसले होते. प्रतिभा घट हलवून, नैवेद्य दाखवून शेवटच्या खेपेच्या पिकअपमध्ये आली. अंगावर फिका गुलाबी रंग होता. पेपरात आलेला त्या दिवसाचा रंग नेसायचा, हाही तिचा नेमच होता.

मैदानात पुरुषांची काही अडचण नव्हती. पलीकडची भिंत त्यांचीच होती. बायांनी मात्र सकाळपासून पाण्याची बाटली नुसती जवळ ठेवायची, तोंडाला लावायची नाही, असा बाजाराचा रिवाज होता. प्रतिभाला तो ठाऊक होता. एक दिवस आणि एक रात्र, त्यात काय, असं ती दरवर्षी म्हणायची.

दुपारचं ऊन डोक्यावर आलं, आणि काट्यावर झेंडू घालता घालता तिच्या कंबरेत ओळखीची कळ आली. तिने हातातली फुलं ढिगात सोडली आणि हात मागे घेतले.

"आई," ती साळूबाईच्या कानाशी वाकली, "मला अडचण आली."

साळूबाईने आधी गिऱ्हाइकाचे पैसे घेतले, मग तिच्याकडे बघितलं. "तू तर गोळ्या घेतल्या हुत्या ना?"

"त्या घटासाठी घेतल्या होत्या."

"मंग? घट हलला ना?"

"हलला."

"झालं तर. देवीनं तुझं ऐकलं. आता कुणाला बोलू नको आन बस काट्यावर."

"आई, देवाची फुलं हायेत ही. मी कसा हात लावू?"

साळूबाई विचारात पडली, पण फार वेळ नाही. समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. "हात नको लावू. घमेल्यानं घाल. घमेल्याला काय व्हत नाय."

प्रतिभा तिच्याकडे बघतच राहिली. हीच सासू घरी वाळवणाच्या चार हात लांबून तिचा पदर गेला तरी पापड पुन्हा लाटायला लावायची. त्याचं प्रतिभाला कधी वाईट वाटलं नव्हतं. तिला ते पटत होतं. चार दिवस पडवीत घोंगडी टाकून बसावं, देवाचं नाव मनातल्या मनात घ्यावं, अंगाला विसावा मिळावा. पण पडवीत बसवायला पडवी तरी लागते. इथे ना भिंत ना दार, चहूबाजूंनी नुसते झेंडूचे ढीग आणि माणसं. शिवाशिव मोडायची तर मोडा म्हणतात, पण कपडा बदलायचा कुठे, ते कुणी सांगत नाही.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"लवकर ये. गर्दी वाढंल आता."

रस्त्यापलीकडे मेडिकल होतं. दुकानदाराने पॅडचं पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि इकडेतिकडे बघत तिच्या हातात दिलं. चोरीचा माल देतात तसं. ती पिशवी पदराखाली धरून ती कोपऱ्यावरच्या शौचालयाकडे निघाली. डांबर तापलं होतं. अनवाणी पाय उचलून टाकत ती सावली-सावलीने गेली.

शौचालय उघडं होतं, तेवढ्याने तिला हायसं वाटलं. दाराशी खुर्ची टाकून तिथला राखणदार बसला होता. भिकन त्याचं नाव, चहावाला त्याला तशीच हाक मारत होता.

"पाणी नाय ताई," तो आधीच म्हणाला.

"का?"

त्याने मागे बोट केलं. कोपऱ्यात पाण्याची मोटार होती. तिला हळदकुंकू लावलं होतं, पुढे नारळ फोडला होता, आणि वर झेंडूची जाडजूड माळ. "आज खंडेनवमी. मोटारीची पूजा झाली. आता उद्या सीमोल्लंघन झाल्याबिगर बटन दाबत नाय आमी."

"टाकी भरून ठेवायची ना मग आधी."

"भरली हुती. सकाळीच संपली. एवढा बाजार भरलाय."

आज पहाटे तिनेच घरी विळ्याला, खुरप्याला, फवारणीच्या पंपाला हळदकुंकू वाहिलं होतं. नवमीला पंपाला हात लावायचा नाही, असं समाधानला काल तो निघतानाच बजावलंही होतं. सवयीने तिचे हात मोटारीपुढे जोडले गेले, आणि लगेच तिला आपल्याच हातांचा राग आला.

तिने आत डोकावलं. पाण्याविना दिवसभर वापरलेली जागा जशी असते तशी ती होती. उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायला कोरडी फरशी म्हणून नव्हती. तिने पायांकडे बघितलं.

भिकनला काय ते कळलं. "माझी चप्पल घाला ताई," तो म्हणाला आणि पायातली काढून त्याने पुढे सरकवली. माणूस वाईट नव्हता.

"माझं नवरात्र हाय," प्रतिभा म्हणाली.

"मंग काय इलाज नाय."

ती परत फिरली. उद्या दुपारपर्यंत चप्पल नाही, उद्या दुपारपर्यंत मोटार नाही. दोन्ही नेम देवाचेच, आणि दोन्हींच्या मध्ये ती काळी पिशवी धरून उभी. वाटेतल्या पेट्रोल पंपावर तिने विचारलं. तिथल्या बाथरूमची चावी साहेबांकडे होती आणि साहेब जेवायला घरी गेले होते. कधी येतील? येतील की, सणाचा दिवस आहे.

मैदानावर आली तेव्हा समाधानच्या कपाळावर आठ्या होत्या. "कुठं होतीस? दोन गिऱ्हाइकं परत गेली."

"मला कपडे बदलायला जागा पाहिजे."

त्याने तिच्या हातातली पिशवी बघितली आणि त्याला कळलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला. "पिकअपच्या मागं जा ना."

"मागं ड्रायव्हर लोक पत्ते खेळतेत."

"मंग जरा थांब. अंधार पडू दे."

"मी थांबंन. हे थांबत नाय."

"आता मी काय करू त्याला? ह्या वर्षी तुला यायलाच नको हुतं."

हे त्याने रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. कंबर मोडून जुलैपासून झेंडू तिने लावला, तिने खुरपला, तोडला, आणि यायलाच नको होतं? मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. तिने पिशवी गोणीखाली सरकवली आणि फुलांच्या ढिगावर सावलीला बांधलेल्या ताडपत्रीची दोरी सोडायला सुरुवात केली.

"ए, काय करतीस?"

तिने दुसरी दोरी सोडली.

"फुलं वाळतील, प्रतिभा."

"पाणी शिंपडा. बाटली भरलेलीच हाय माझी."

पिकअप आणि मैदानाच्या कडेची पडकी भिंत यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा होती. तिने रिकामी प्लास्टिकची कॅरेटं एकावर एक रचून एक बाजू बंद केली आणि पिकअपच्या मागच्या फाळक्यापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत ताडपत्री ओढून घेतली. पत्तेवाल्या ड्रायव्हरांना ती म्हणाली, "दादा, तिकडं बसा जरा." तिचा आवाज इतका हळू होता की ते मुकाट्याने उठले. खाली तिने गोणी अंथरली. शेजारच्या ढिगावरची कुसाबाई, मोहाडीकडची, तोंडात तंबाखू धरून हे सगळं बघत होती. उठली, आणि आपली पाण्याची कळशी आणून तिने न बोलता आत ठेवली.

आडोसा झाला. प्रतिभा पिशवी घ्यायला वळली, तेवढ्यात साळूबाई गुडघ्यावर हात देत उठली. "आधी मी जाते. सकाळधरनं दाबून धरलंय."

सासूला कसं नाही म्हणायचं? प्रतिभा ताडपत्रीचं टोक धरून बाहेर उभी राहिली. साळूबाईमागोमाग कुसाबाई गेली. कुसाबाईमागोमाग पलीकडच्या आपट्याची पानं विकणाऱ्या दोघी आल्या, एक पोटुशी. "ताई, जरा दोनच मिन्टं." पोटुशीला तरी कसं नाही म्हणायचं?

"कुसाबाईमावशी, आता मी जाते हं," प्रतिभा म्हणाली.

"जा की बाई. तुझाच तर वाडा हाय."

आणि तेव्हाच किशोर आला. किशोर म्हणजे मैदानाच्या ठेकेदाराचा पावत्या फाडणारा माणूस. गळ्यात पट्टा, हातात पेन, डोळ्यावर काळा चष्मा.

"हे काय उभारलंय? पावती ढिगाची हाय, मंडपाची नाय. काढा ते."

समाधान पुढे झाला, पण त्याला सांगता येईना. "अहो, ते आपलं... बायांचं..."

"काय बायांचं?"

समाधानने फुलांकडे बघितलं. प्रतिभा जमिनीकडे बघत होती. मग साळूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "देवी बसवलीय आत. चपला घालून पुढं येऊ नको."

किशोरचं पुढे टाकलेलं पाऊल मागे गेलं. त्याने चष्मा काढला, ताडपत्रीला हात लावून कपाळाला लावला. "मंग आधी सांगायचं ना, मावशी," म्हणाला, आणि पुढच्या ढिगाकडे गेला.

कुसाबाई तोंडाला पदर लावून हसत बसली. प्रतिभाला हसू येईना. नवरात्रात खोटं बोलायचं नाही, हा नेम घरात सगळ्यांनीच धरलेला. आणि तोही देवीच्या नावाने मोडायचा? "आई, असं काय बोललात?" ती म्हणाली.

"मंग काय बोलू? तू बोलली असतीस?"

प्रतिभा पिशवीकडे वळली, तर समाधानने तिच्या हातात घमेलं दिलं; समोर गिऱ्हाइकं खोळंबली होती.

हे तेवढ्यावर मिटलं असतं. पण किशोर बोलघेवडा होता. त्याने चार ढिगांवर सांगितलं, की त्या मातोरीवाल्यांनी मागे देवी बसवलीय, जागृत दिसते, ताडपत्रीसुद्धा बाजूला करू देत नाहीत. झेंडू घ्यायला आलेली माणसं सणाच्या भरात होतीच. कुणी जाता जाता हात जोडले. कुणी ताडपत्रीपुढे फुलं वाहिली. एकाने अगरबत्ती आणून कॅरेटच्या फटीत खोचली. बघता बघता तिथे रांग लागली, आणि रांगेतली माणसं दर्शन झालं की शेजारचाच झेंडू घेऊ लागली. समाधानचा काटा खाली येईना. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"अहो, ह्या लोकांना बाजूला करा," प्रतिभा त्याच्या मागे जाऊन म्हणाली.

"राहू दे ना जरा. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय. मला आत जायचंय."

"थोडी गर्दी सरू दे."

तिला हसावं की रडावं कळेना. आधी जागा नव्हती म्हणून थांबली, मग पाणी नव्हतं म्हणून, मग सासू, मग पोटुशी, मग किशोर, आणि आता देवी. तिने स्वतः बांधलेल्या आडोशात ती सोडून सगळं जग जाऊन आलं होतं. मांड्यांना चिकटलेला परकर चालताना ओढ देत होता. तिने कंबरेला टॉवेल गुंडाळला, त्यावरून पदर खोचला, आणि घमेल्याने झेंडू घालत राहिली. उभं राहवेना, आणि बसवतही नव्हतं. बसलं तर उठायची भीती. कुणाच्या हातून ही फुलं कुणाच्या देवाला जात असतील, हा विचार ती घमेल्यागणिक मागे ढकलत होती. मनातल्या मनात ती देवीला म्हणाली, आई, तुझ्या नावाने लोक तिथे उभे आहेत आणि मी इथे. तूच सांग आता कोणी सरकायचं ते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिला टॉवेलही ओला लागला. तिने घमेलं खाली ठेवलं, गोणीखालची पिशवी घेतली आणि चालू लागली.

ताडपत्रीच्या तोंडाशीच एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून आरती म्हणत होते. पांढरा झब्बा, हातात नारळ. शेजारी त्यांची बायको फुलांची पिशवी सांभाळत उभी होती. मागे पंधरा-वीस माणसं. प्रतिभाने कडव्याच्या शेवटापर्यंत वाट बघितली. आरती मध्ये तोडायची तिची छाती झाली नाही. ते दुसरं कडवं सुरू करणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, आत देवी नाय."

त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"आत देवी नाय बसवलेली. बायांसाठी आडोसा हाय. लघवीला जायला आन... पाळीतलं कापड बदलायला. मला जायचंय."

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आरतीसाठी सगळे गप्प झाल्यामुळे तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. गृहस्थांचे कान लाल झाले. त्यांनी नारळाकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं, आणि मघाशी वाहिलेली आपट्याची पानं वाकून परत उचलली. मग ती पुन्हा खाली टाकली. रांग पांगली. कुणीतरी "काय हा प्रकार" म्हणालं. कुणीतरी अगरबत्ती काढून नेली.

"जिभेला हाड हाय का तुझ्या," साळूबाई ढिगापलीकडून पुटपुटली.

ती बायको मात्र तिथेच उभी होती. तिने प्रतिभाला विचारलं, "आतून कडी आहे का काही?"

"नाय. कुणीतरी बाहेर धरायला लागतं."

"मी धरते. जा तू."

प्रतिभा आत शिरली. जुलैपासूनच्या सगळ्या कामात तिला एवढी निवांत वाटलेली जागा नव्हती: हातभर गोणी, कुसाबाईची अर्धी कळशी, आणि वर आभाळ. तिने टॉवेल सोडला. गुलाबी साडीला मागे लागलं होतंच. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अगं, चल लवकर, रिक्षा थांबलीय." ताडपत्रीचं टोक हललं. "आले, आले," असं ती बाई म्हणाली, आणि मग आतल्या बाजूला तोंड करून, "अगं, जाते हं मी." आणि गेली.

ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उघडलं. प्रतिभाने ते दातात धरलं आणि एका हाताने पाणी ओतत, एका हाताने परकर सावरत, कसंबसं सगळं उरकलं. काढलेलं कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. आता ते टाकायचं कुठे? आडोसा बांधताना तिला हे सुचलंच नव्हतं. भिंतीपलीकडे लोकांची दारं होती. तिने पिशवीला गाठ मारली आणि फाळक्याच्या आतल्या कडीला अडकवली. तिथे आणखी एक तशीच पिशवी आधीच अडकवलेली होती. कुणाची, कोण जाणे. फुलं घेऊन आलेल्या गाडीतून उद्या हे घरी जाणार होतं.

ती बाहेर आली तेव्हा किशोर परत आला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "मावशी, तुम्ही मला फसवलं. हे आता... ते काढून टाका."

"काय काढू?" कुसाबाईने विचारलं.

"ते... आतलं जे हाय ते."

"आत काय हाय सांग की. आमी काढतो."

किशोरने तोंड उघडलं आणि मिटलं. पावतीबुकात काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि पुढे निघून गेला.

दिवस मावळला. आता मैदानात दिवे लागले आणि हवेत गारठा आला. आपट्यावाल्या दोघी पुन्हा येऊन गेल्या. पलीकडच्या रांगेतल्या कुणाकुणाला कळलं, त्याही आल्या. एकीने येताना आपली कळशी आणली. समाधान ढिगाभोवती दोनदा फिरला, फुलांवर हात फिरवून त्याने बघितलं. मग तो प्रतिभाजवळ आला.

"ताडपत्री दे आता."

"नाय."

"अगं, दव पडंल रातच्याला. फुलं भिजली की उद्या सकाळी काळी पडतील. काळी फुलं कोण घेतंय देवाला?"

हे खरं होतं. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं. भिजलेला झेंडू कसा काळवंडतो, हे तिने कितीतरी सकाळी बघितलं होतं. एवढ्या महिन्यांची मेहनत, सणाचं फूल, देवाचं फूल. तिने ढिगाकडे बघितलं, मग आडोशाकडे. तिथे पोटुशी पुन्हा येऊन थांबली होती, आणि रात्र अजून सगळी बाकी होती.

"पडतील तर पडू दे," प्रतिभा म्हणाली.

साळूबाईने चमकून तिच्याकडे बघितलं. समाधानने रिकाम्या गोण्या गोळा केल्या, एकेक उलगडून ढिगावर पसरायला लागला, आणि पसरताना स्वतःशीच बडबडत राहिला, की गोण्या पुरायच्या नाहीत. गोण्या खरंच पुरणार नव्हत्या. प्रतिभाने पोटुशीला हात धरून आत सोडलं आणि ताडपत्रीचं टोक घट्ट धरून बाहेर उभी राहिली.